शून्य परिकल्पना आणि काजूगर: फोंड्यातील एका शनिवार-वर्गाचे परीक्षण

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका लहान काजू कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे आणि तिच्या नोंदी ठेवण्याचे काम मी गेली अकरा वर्षे करीत आहे. सरासरी आणि टक्केवारी यांच्या पलीकडचे संख्याशास्त्र मी महाविद्यालयात शिकलो होतो आणि परीक्षा आटोपताच विसरलोही होतो. यंदा जून-जुलैचे आठ शनिवार मी फोंड्यात भरणाऱ्या एका खासगी वर्गात घालवले. परिकल्पना-परीक्षणाचा, म्हणजे हाती आलेल्या नमुन्यावरून एखादा दावा टिकतो की नाही हे ठरवण्याच्या पद्धतीचा, रोजच्या आणि व्यवसायातल्या उदाहरणांवर सराव करून घेणे एवढेच या वर्गाचे काम आहे. जागा बाराच असल्यामुळे नाव छापू नये, अशी शिक्षकांची इच्छा आहे आणि ती मी पाळतो. फोंडा बाजारात दोन ठिकाणी विचारले तरी पत्ता मिळतो.

आधी व्यवहाराचे सांगतो. शुल्क साडेतीन हजार रुपये असून छापील सरावपत्रिका त्यातच मिळतात. वेळ दुपारी तीन ते सहा. शिकवणे मराठीत होते, गप्पा कोकणीत होतात आणि संज्ञांच्या बाबतीत कोणताही सोवळेपणा नाही. ‘सार्थकता स्तर’ (योगायोगालाच खरा फरक समजण्याचा किती धोका पत्करायचा ती मर्यादा) फळ्यावर लिहून तोंडाने ‘सिग्निफिकन्स लेव्हल’ म्हटले तरी कोणी अडवत नाही. खोली पहिल्या मजल्यावर आहे, पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की मागच्या बाकावर काही ऐकू येत नाही. आमोण्याचा पूल ओलांडून माशेलमार्गे येणारी माझी बस दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा मी अर्धा तास उशिरा पोहोचलो, हा दोष अर्थातच वर्गाचा नव्हे.

या वर्गाची खरी करामत पाकिटांची आहे. प्रत्येक सरावपत्रिकेवर फक्त प्रश्न छापलेला असतो, आकडे बंद पाकिटात असतात. शून्य परिकल्पना (‘फरक नाही’ हे गृहीतक) कोणती, पर्यायी परिकल्पना (‘फरक आहे’ हा दावा) कोणती, परीक्षण एकपुच्छी (फरक एकाच बाजूला शोधणारे) की द्विपुच्छी (दोन्ही बाजूंना शोधणारे), सार्थकता स्तर किती, आणि निकाल या बाजूने लागला तर प्रत्यक्षात काय करणार व त्या बाजूने लागला तर काय करणार, हे सगळे शाईने लिहून सरांच्या हाती दिल्याशिवाय पाकीट मिळत नाही. पहिल्या शनिवारी हा प्रकार मला पोरकट वाटला होता. तिसऱ्या शनिवारी मत बदलले, आणि ते बदलायला पेडण्याचे एक गृहस्थ कारणीभूत झाले.

त्यांचे समुद्राजवळ सहा खोल्यांचे अतिथिगृह आहे. संकेतस्थळावर खोलीचे छायाचित्र आधी ठेवावे की अंगणाचे, असा त्यांचा प्रश्न होता आणि आकडेही त्यांचे स्वतःचेच होते. खोलीचे छायाचित्र पाहणाऱ्या २०० जणांपैकी १८ जणांनी आरक्षण केले, अंगणाचे छायाचित्र पाहणाऱ्या २०० जणांपैकी ३० जणांनी. म्हणजे ९ टक्के आणि १५ टक्के. आम्ही सर्वांनी हिशेब केला. दोन्ही गट मिळून प्रमाण १२ टक्के, फरकाची प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक अपेक्षित चढउतार) सुमारे ०.०३२५, त्यामुळे झेड (फरक भागिले प्रमाण त्रुटी) १.८५ आले. द्विपुच्छी परीक्षणात पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता) ०.०६५ येते, म्हणजे ५ टक्के स्तरावर फरक सार्थ ठरत नाही. त्यावर ते गृहस्थ लगेच म्हणाले, “पण अंगणच चांगलं असणार हे मला ठाऊकच होतं. मग एकपुच्छी करूया ना, ते ०.०३२ येतं.” सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी त्यांचाच शाईने लिहिलेला कागद पुढे ठेवला. त्यावर ‘कोणत्या बाजूने फरक पडेल ते सांगता येत नाही’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते. वर्गात हशा पिकला, पण मला हसू आले नाही, कारण कारखान्यात गेली अकरा वर्षे मी नेमके हेच करीत आलो आहे: आकडे आधी पाहायचे आणि मग त्यांना शोभेल असा प्रश्न शोधायचा.

त्या गृहस्थांना शेवटी जो सल्ला मिळाला तो मात्र व्यवहारी होता. छायाचित्र बदलायला खर्च काहीच नाही, तेव्हा हवे तर आजच बदला. फक्त ‘सिद्ध झाले’ असे म्हणू नका आणि पुढच्या हंगामात दुप्पट पाहुण्यांवर पुन्हा मोजा. परीक्षणाचा निकाल आणि घ्यायचा निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला इथे पहिल्यांदा नीट उमजले.

दुसऱ्या शनिवारची सोलकढी हा वर्गाचा सर्वांत रंगलेला भाग. माझ्या शेजारी बसणाऱ्या, कुर्टीला खाणावळ चालवणाऱ्या वहिनींचा दावा होता की ताज्या नारळाच्या रसाची सोलकढी आणि डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी त्या एका घोटात ओळखतात. सरांनी आठ पेले मांडले, चार ताज्या रसाचे आणि चार डब्याचे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. हा प्रयोग मुळात चहाचा आहे. दूध आधी ओतले की चहा आधी, हे चवीवरून सांगण्याच्या एका बाईंच्या दाव्यावर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली तो मांडला आणि तेव्हापासून तो संख्याशास्त्राच्या वर्गांत फिरतो आहे. आठांतून चार पेले निवडण्याचे ७० प्रकार असतात. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची संभाव्यता ७० पैकी १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. वहिनींचे तीन बरोबर आले. नुसत्या अंदाजाने किमान तीन बरोबर येण्याची संभाव्यता ७० पैकी १७, म्हणजे २४ टक्क्यांहून थोडी अधिक. दावा सिद्ध झाला नाही.

वहिनी रागावल्या आणि माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. आठ पेल्यांच्या या प्रयोगात एक जरी पेला चुकला तरी ५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडणे अशक्यच असते. दहांतून नऊ वेळा बरोबर ओळखणारी जीभसुद्धा या प्रयोगात सहज नापास होऊ शकते. सरांनी ‘सिद्ध झाले नाही म्हणजे खोटे ठरले असे नव्हे’ हे सांगितले खरे, पण ज्या प्रयोगाला फरक पकडण्याची ताकदच कमी आहे तो मुळात का करावा, हा प्रश्न त्या दिवशी टेबलावर आला नाही. तो आला थेट सातव्या शनिवारी.

ही माझी पहिली मोठी तक्रार आहे. परीक्षणाची ताकद, म्हणजे खरोखर फरक असताना तो सापडण्याची संभाव्यता, हा विषय शेवटाकडे ढकलला गेला आहे. पहिल्याच शनिवारी २५० ग्रॅमच्या काजू पाकिटांचे उदाहरण होते: २५ पाकिटे तोलली, सरासरी २४८.६ ग्रॅम, प्रमाण विचलन (पाकिटापाकिटांतला चढउतार) ३ ग्रॅम. टी-मूल्य (सरासरीतला फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी) उणे २.३३ येते. स्वाधीनता मात्रा २४ (नमुन्यातली पाकिटे वजा एक) असताना एकपुच्छी परीक्षणासाठी कोष्टकात ५ टक्क्यांना १.७११ आणि १ टक्क्याला २.४९२ आहे, म्हणजे पाकिटे कमी भरतात हे ५ टक्के स्तरावर मान्य होते आणि १ टक्का स्तरावर होत नाही. कोणता स्तर धरायचा, यावर चांगला वाद झाला. यंत्र विनाकारण थांबवले तर अर्धा दिवस जातो, न थांबवले तर कमी वजनाचा माल गिऱ्हाइकाच्या हाती पडतो आणि वैधमापन खात्याच्या तपासणीत मान खाली जाते; या दोन चुकांची किंमत ज्याने त्याने मोजायची आहे आणि ५ टक्के हा आकडा कोणा ऋषींनी दिलेला नाही, हे सरांनी फार चांगले समजावले. पण त्याच उदाहरणात पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. पाकिटे खरोखर १ ग्रॅमने कमी भरत असतील, तर २५ पाकिटांचे हे परीक्षण ती गोष्ट साधारण निम्म्या वेळाच पकडते. ऐंशी टक्के वेळा पकडायची असेल, तर साठाच्या आसपास पाकिटे तोलावी लागतात. कारखान्यात ‘किती नमुने घेऊ?’ हा प्रश्न सर्वांत आधी येतो. वर्गात त्याचे उत्तर सर्वांत शेवटी आले.

याच उदाहरणाच्या निमित्ताने टी-कोष्टकाचा जन्म सांगितला गेला, तो थोडक्यात पण नेमका होता. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणारे विल्यम सीली गॉसेट यांना थोड्याशा नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत आणि त्यातून १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी आपला लेख प्रसिद्ध केला. कारखान्यातल्या माणसाने कारखान्यातल्या माणसांसाठी काढलेली युक्ती आहे, हे कळल्यावर कोष्टकाविषयीची माझी भीती बरीच कमी झाली.

हिशेब आधी हाताने आणि मग संगणकावर, हा नियम मला आवडला. स्प्रेडशीटमध्ये एका नमुन्याच्या टी-परीक्षणासाठी सरळ सूत्र मिळत नाही. शेजारच्या स्तंभात सर्वत्र २५० लिहून जोडीचे परीक्षण लावले की तेच उत्तर मिळते, ही एकटी क्लृप्तीच माझ्या शुल्काचा चौथा हिस्सा वसूल करणारी आहे. पावसाने दोनदा वीज गेली तेव्हा हाताने हिशेब करण्याची सवय उपयोगी पडली, ते निराळे.

छापील पत्रिकांत मात्र चुका आहेत आणि त्या मुद्रणाच्या नाहीत. चौथ्या पत्रिकेच्या मागे ‘पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता’ असे छापले आहे. हे चूक आहे. शून्य परिकल्पना खरी आहे असे धरून चालल्यास, मिळाला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य; २०१६ साली अमेरिकन संख्याशास्त्रीय संघटनेने मुद्दाम निवेदन काढून जे गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न केला, त्यांत हा अगदी वरचा आहे. सर तोंडाने बरोबर सांगतात, कागद चूक सांगतो, आणि घरी गेल्यावर हाती कागदच उरतो. सोलकढीच्या उत्तरपत्रिकेतही ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ असे लिहिले आहे. ‘नाकारता आली नाही’ असे हवे. मी दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने खुणा करून पत्रिका परत दिल्या. सरांनी आभार मानले, पण पुढच्या तुकडीला जुन्याच प्रती मिळाल्याचे ऐकतो.

पाचव्या शनिवारी एकाच वेळी अनेक परीक्षणे करण्याचा धोका दाखवला गेला. कुठेच फरक नसताना एकमेकांशी संबंध नसलेली वीस परीक्षणे ५ टक्के स्तरावर केली, तर किमान एक तरी ‘सार्थ’ निघण्याची संभाव्यता ६४ टक्के होते. हा भाग ठीक झाला. काय-वर्ग परीक्षणाचा (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतली तफावत तपासण्याचा) सहावा शनिवार त्याहून साधा होता आणि तो इथे मुद्दाम सांगितला नसता, पण त्या दिवशी गृहपाठ म्हणून प्रत्येकाने आपापल्या कामातले आकडे आणायचे होते आणि मी आमच्या तुटक्या गरांचे आकडे नेले होते.

पार्श्वभूमी अशी. वाफवून फोडलेल्या बियांतले गर बोर्म्यात, म्हणजे वाळवण्याच्या भट्टीत, वाळवतात, मग बायका त्यांची साल काढतात. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात इतके अंतर असते की तुटीवरच, म्हणजे किती गर तुटतात त्यावरच, आमचा नफा ठरतो. दुपारच्या पाळीत तूट जास्त होते, बायका कामात लक्ष देत नाहीत, असे आमचे मुकादम वर्षभर म्हणत होते. माझ्या वहीत सकाळच्या पाळीचे १,००० गर होते, त्यांत १२० तुटके. दुपारच्या पाळीचे १,००० गर, त्यांत १५० तुटके. पाकिटाचा नियम पाळून मी परिकल्पना आधीच लिहिली होती. काय-वर्ग ३.८५ आले आणि ५ टक्क्यांची मर्यादा ३.८४ आहे. फरक सार्थ! सोमवारी मुकादमांना काय सांगायचे, हे मी मनात जुळवायलाही लागलो होतो.

सर फळ्याजवळ गेले आणि म्हणाले, “पळोवया (पाहूया).” त्यांनी १५० पुसून १४९ लिहिले. काय-वर्ग ३.६१ झाले आणि फरक सार्थ राहिला नाही. दोन हजार गरांतल्या एका गराने निकाल फिरवला होता. उंबरठ्याजवळचा निकाल ‘हो’ किंवा ‘नाही’ असा सांगू नये, पी-मूल्य आणि खरा फरक कोणत्या मर्यादांत असू शकतो ते, दोन्ही सांगावे, हा धडा मला त्या एका आकड्याने जितका दिला तितका कोणत्याही व्याख्येने दिला नसता. शिकवण्याची ही हातोटी दाद देण्यासारखी आहे.

पण खरा प्रश्न सरांनी विचारला नाही. तो मागच्या बाकावरून आला. तिथे एक काका बसत. त्यांनी खाणकंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, २०१८ साली खाणी बंद पडल्यावर ते घरी बसले आणि आता जावयाच्या औषधाच्या दुकानाचा हिशेब पाहतात. त्यांनी विचारले, “हे हजार गर किती बोर्म्यांतले?” मी सांगितले, दहा खेपांतले, प्रत्येक खेपेतून शंभर. मग काकांनी लोहखनिजाच्या ढिगाची गोष्ट सांगितली. ढीग ओतला की मोठे दगड घरंगळत पायथ्याशी येतात आणि बारीक माल मध्यभागी राहतो. पायथ्याशी उभे राहून फावडेभर माल उचलला तर नमुना कितीही मोठा असला तरी तो ढिगाचा नसतो, म्हणून चालत्या पट्ट्यावरून ठरावीक अंतराने नमुना घेतात. गरांचेही तसेच आहे. एका खेपेत गर जास्त वाळले तर त्या खेपेतले शंभरच्या शंभर गर ठिसूळ असतात. मग हजार गर म्हणजे हजार स्वतंत्र निरीक्षणे राहत नाहीत. खऱ्या अर्थाने निरीक्षणे दहाच.

सरांनी मोकळेपणाने मान्य केले की पत्रिकांत हा मुद्दा नाही. माझ्या मते या वर्गातली ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती ताकदीच्या मुद्द्याहून गंभीर आहे. आठ शनिवारांतल्या प्रत्येक पाकिटात आकडे आयते, स्वच्छ आणि एकमेकांपासून स्वतंत्र असे गृहीत धरलेले असतात. ते कोणी गोळा केले, कुठे उभे राहून केले, याचा एकही प्रश्न नाही. मराठी मुलखात तर याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. साताऱ्याच्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज घेताना दाखवून दिले की फार लहान तुकड्यावरचे पीक कापून मोजले तर उत्पन्न फुगून दिसते, कारण सीमेवरची ताटे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो आणि तुकडा जितका लहान, तितकी सीमा मोठी ठरते. अशा नमुन्यावर परीक्षण कितीही काटेकोर केले तरी उत्तर चुकीचेच येणार. हा एक प्रसंग तासभर शिकवला असता, तर पाचव्या शनिवारची निम्मी गणिते वगळली तरी चालले असते.

तरीही हा वर्ग घ्यावा का, असे कोणी विचारले तर मी ‘घ्यावा’ असे सांगेन, आणि दोन अटी सांगेन. आपल्या कामातले आकडे बरोबर न्यावेत, कारण छापील उदाहरणांपेक्षा बाराजणांच्या खऱ्या उदाहरणांवर जे बोलणे होते त्यातच शुल्क वसूल होते. आणि पत्रिकांवरच्या व्याख्या पाठ करू नयेत. ज्यांना परीक्षेची तयारी करायची आहे त्यांच्यासाठी हा वर्ग नाही; वितरणांचे सिद्धांत इथे जवळजवळ शिकवतच नाहीत. ज्यांना सरासरी आणि प्रमाण विचलन काढता येत नाही त्यांचीही पहिले दोन शनिवार ओढाताण होते, हे मी एका बेकरीवाल्या सहाध्यायाच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

माझ्या गरांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तेच आकडे मी खेपेनुसार पुन्हा मांडले: सकाळच्या दहा खेपा, तुटीची सरासरी १२ टक्के, दुपारच्या दहा खेपा, सरासरी १५ टक्के, खेपाखेपांतले प्रमाण विचलन दोन्हीकडे ५ च्या आसपास. टी-मूल्य १.३४ आले. स्वाधीनता मात्रा १८ (वीस खेपा वजा दोन गट) असताना द्विपुच्छी मर्यादा २.१० आहे. बायकांच्या कामात फरक असल्याचा पुरावा माझ्या वहीत नव्हता, आणि फरक नसल्याचाही नव्हता. मुकादमांना मी एवढेच सांगितले आणि बोर्म्याच्या प्रत्येक खेपेची वेळ व ओलाव्याचे प्रमाण लिहायला नवी वही सुरू केली. त्या वहीचे रकाने कसे आखावेत हे आठ शनिवारांच्या कोणत्याच पत्रिकेत नव्हते. ते काकांनी औषधाच्या बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिले.